ढोलावरच्या तेवीस खुणा

अनसाबाई कासुर्डीहून दौंडला आल्या त्या भांडायचं ठरवूनच. लेकानं, ज्ञानेशनं, बापाचा गजी नाचातला ढोल त्यांना न विचारता तिथल्या नव्या संग्रहालयाला देऊन टाकला होता. नवरा, रखमाजी, गेल्यापासून चार वर्षं तो खुंटीवर धूळ खात होता, हे खरं. म्हणून काय झालं? रविवारी बिरोबाची जत्रा, आणि ढोल काचेच्या पेटीत!

"माझा ढोल द्या. कायमचा," त्या दारातूनच म्हणाल्या.

संग्रहालय सांभाळणारी हर्षदा तिशीची, किरकोळ अंगाची. तिनं ना ज्ञानेशची सही दाखवली ना नियम. "न्या की आजी. फक्त बाहेर जाताना त्याच्या अंगावरच्या खुणा वाचून घ्याव्या लागतात. परत आला की ताडून बघायला."

"परत कोन आनतंय?"

"तरीपण."

तान्ह्याची मान सावरावी तसा तिनं ढोल उचलून गादीवर ठेवला आणि वही उघडली. डाव्या कातड्यावर तळहाताएवढा काळपट डाग, घामाचा. लाकडी खोडावर धुराचा थर, बहुधा मेंढवाड्यातल्या चुलीचा. तिसऱ्या दोरीला काळ्या लोकरीची गाठ, बाकी दोरी सुताची.

अनसाबाई ऐकतच राहिल्या. चाळीस वर्षं हा ढोल त्यांनी पुसला होता. ती गाठ त्यांना कधी दिसली नव्हती.

"शेवटची, तेविसावी. कडेला दोन खाचा. कारण माहीत नाही."

अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "उलथनं."

"काय?"

"म्या फेकलं व्हतं, ह्यांच्या अंगावर. ह्यांनी ढोल म्होरं धरला."

हर्षदानं हसू गिळलं, 'कारण माहीत नाही' खोडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं : उलथनं.

मंगळवारी अनसाबाई पुन्हा दारात. मागं ज्ञानेश, खांद्यावर ढोल. रिकाम्या पेटीत पाटी होती : 'ढोल जत्रेला गेला आहे.' ती त्यांनी लेकाकडून दोनदा वाचून घेतली.

"कायमचा नेला होता ना आजी?"

"न्हेला व्हता. पन घरी ह्याच्या खुना कोन वाचनार? हितंच ऱ्हाऊ दे. जत्रेला तेवढा न्हेत जाईन." त्या गादीपाशी बसल्या. "वही काढ पोरी. चोविसावी पडलीय."

"कशानं?"

"लेकाच्या घड्याळानं. पैल्यांदाच वाजवला ह्यानं." ज्ञानेश जमिनीकडं बघत होता. "बापाची सर न्हाई, पन ढोल बोलला. तेबी लिव."