मासिकात दिलंय

"अण्णा, या घरांतली माणसं कुठं गेली?"

चावीवाल्यानं मासिक माझ्या मांडीवर आपटलं आणि उघड्या पानावर बोट रोवलं. गुळगुळीत, जाड पान. त्यावर एक बैठकीची खोली. पांढराशुभ्र कोच, काचेचं टेबल, आणि त्या एवढ्या मोठ्या टेबलावर एकच लिंबू.

"बाहेर गेली असतील," मी म्हणालो.

"सगळीच? पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघा. एकाही घरात माणूस नाही. दाराशी चपला नाहीत, खुर्चीवर टॉवेल नाही. इतक्या घरांतली माणसं नाहीशी होतात आणि छापणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही?"

"लिंबू आहे ना. कुणीतरी आणलंच असेल."

"तेच म्हणतोय मी. लिंबू आणणारा कुठाय?"

चावीवाल्याचं आणि माझं दार समोरासमोर. मधे जिन्याची चौकोनी जागा आणि वर एक मरतुकडा दिवा. त्याची चौकात कुलपांची टपरी. मी आयुष्यभर सलून चालवलं. लोकांच्या डोक्यात काय चाललंय हे ज्याला वरूनच दिसतं असा मी माणूस, पण चावीवाल्याच्या डोक्यात काय चालतं ते त्याचं त्यालाच दिसत नसे. धंदाच संशयाचा. जगात माणसं दोनच प्रकारची, असं तो म्हणे. कुलूप फुटलेली आणि अजून फुटायची असलेली.

स्वतःच्या दाराला त्यानं तीन कुलपं बसवली होती. वरचं, मधलं, खालचं. तिन्हींच्या चाव्या वेगळ्या आणि खालच्याची चावी चोराला चकवायला उलटी फिरणारी. एकदा खरोखर चोर आला. वरचं कुलूप उघडून मधल्याशी पोचेपर्यंत बिचाऱ्याला उजाडलं. दूधवाल्यानं घरातलाच माणूस समजून त्याच्या हातात दूध दिलं. चोरानं ते इमानानं उंबऱ्याशी ठेवलं, भांड्यावर झाकण ठेवलं आणि जांभया देत जिना उतरला. हे मी दाराच्या भोकातून डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढं त्या चोरानं धंदा सोडला असं ऐकतो.

तर असल्या घरात दर महिन्याला घरसजावटीचं मासिक यायला लागलं. लांब राहणाऱ्या लेकीनं आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला वर्षाची वर्गणी भरून भेट दिली होती.

"फुकट काही येत नसतं," चावीवाला म्हणाला. "आज मासिक आलंय. उद्या मासिकातला कोच येईल. परवा त्या कोचाशेजारी मी शोभत नाही असं निघेल."

मी माझ्या परीनं मासिकाचे फायदे सांगून पाहिले. सलूनमध्ये मासिक असलं की गिऱ्हाईक तासभर गप्प बसतं, हा पहिला फायदा. कागद जाड, कपाटाच्या खणात घालायला उत्तम. गुंडाळी केली की माशी पहिल्या फटक्यात गारद. शिवाय बायको वाचत बसली तर नवऱ्याला थोडी मोकळीक.

"मोकळीक?" तो म्हणाला. "अण्णा, आधी ती घरात राहायची. आता घराकडे बघते. डॉक्टर पेशंटकडे बघतो तसं. आणि मग एकेक अवयव काढून टाकते."

हे मात्र खरं होतं. पहिल्या महिन्यात गालिचा गेला. मग मधली तिपाई गेली. तिच्यावर पाय टाकून तो रोज संध्याकाळी बसायचा. पाय आता हवेत ठेवू का, असं त्यानं विचारलं, तर त्याची बायको, सगळ्यांची काकू, म्हणाली, "मासिकात दिलंय. चालायची वाट मोकळी पाहिजे." मग पिवळे दिवे जाऊन लख्ख पांढरे आले आणि भर दुपारी जळायला लागले. मासिकात दिलंय. जुने पांढरे कप जाऊन पिवळेधमक आले. मासिकात दिलंय.

आणि एक दिवस बोळकंडीतलं खोकं गेलं.

त्या खोक्यात चावी हरवलेली कुलपं होती. गिऱ्हाइकं टाकून गेलेली, पुन्हा न आलेली. घरी आल्यावर चावीवाला त्यातलं एखादं काढायचा, डोळे मिटायचा आणि तार घालून हळूहळू उघडायचा. उघडलं की परत बंद करून खोक्यात. कुणी पत्ते खेळतं, कुणी जप करतं, त्याचं हे होतं. काकूनं खोकं हमालाकरवी टपरीवर पाठवून दिलं.

मी मध्यस्थी करायला गेलो. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली ती भिंतीवरून हात फिरवत आली.

"काय भावोजी, वकीलपत्र घेऊन आलात वाटतं?"

"चावीवाले दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात."

"काल माझ्या वाटणीचंही जेवलेत. तिपाई गेली, खोकं गेलं, म्हणून गळा काढून बसलेत. मी गेले तर एवढं रडतील का, विचारा त्यांना."

"आणि हा भिंतीवर हात कशाला?"

"रंग बघतेय. मासिकात दिलंय, भिंत हातानं ओळखावी." ती हसली. "आणि त्यांना सांगा, मासिकाला हातपाय नसतात. जे काय काढलं ते मी काढलं."

हा निरोप मी चावीवाल्याला दिला नाही. काही निरोप वाटेतच जिरवायचे असतात.

पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला तो ढेकर दाबल्यासारखं तोंड करून. बगलेत सगळे अंक. "मी वाचले," तो म्हणाला. "ओळ न ओळ. जाहिरातींसकट."

"मग? माणसं सापडली?"

"माणसं सोडा. हे बघा. 'खोलीला ऊब हवी तर गालिचा हवाच.' हे बघा. 'छोट्या तिपाया जागोजागी ठेवा.' आणि हे, 'जुन्या वस्तूंचं खोकं बोळात मांडा, पाहुण्यांना गप्पांना विषय मिळतो.' खोकं मांडा, अण्णा. मांडा लिहिलंय."

मी चष्मा लावून वाचलं. लिहिलं होतं खरं.

"म्हणजे मासिक एक सांगतं आणि ती दुसरंच करते," तो म्हणाला. "आणि माझ्या तोंडावर म्हणते, मासिकात दिलंय. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एकदाही खोटं बोलली नाही. खोटं बोलायची गरज का पडली?"

"वाचण्यात चूक झाली असेल."

"आता पुढचं ऐका." त्यानं मला हाताला धरून त्याच्या दाराशी नेलं, खिशातून भिंग काढलं आणि गुडघ्यांवर बसला. "कुलपाच्या भोकाभोवती बघा."

तिन्ही कुलपांच्या भोकांभोवती बारीक ओरखडे होते, चकाकणारे, ताजे.

"दारुड्याचे ओरखडे आडवे असतात," तो कुजबुजला. "चोराचे भोकाच्या आत असतात. हे दोन्ही नाहीत. हे सगळे खालच्या बाजूला. असे मी कुठं पाहिलेले नाहीत. कुणीतरी माझ्या माघारी इथं चाव्या लावून बघतंय. आत ती सामान काढतेय, बाहेर कुणीतरी दार उघडायला बघतंय."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

तो बराच वेळ भिंग पुसत राहिला.

"लेकीकडे जायचं असेल तिला," तो म्हणाला. "कायमचं. आधी घर रिकामं करायचं, मग एक दिवस कुणाला तरी चाव्या द्यायच्या. माझ्यासारख्याबरोबर कोण राहील, अण्णा? जेवणाच्या डब्यालासुद्धा कुलूप लावतो मी."

डब्याला तो खरंच लावायचा. एकदा चावी घरी विसरला आणि अख्खा दिवस उपाशी राहिला, कारण आपलंच कुलूप फोडणं त्याला धंद्याचा अपमान वाटला. त्या गोष्टीवर मी आजवर किती जणांना हसवलं असेल. पण त्या दिवशी तिथं गुडघ्यांवर बसलेल्या त्याला बघून मला हसू आलं नाही.

पाळत ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी जेवण करून तो "टपरीवर जातो गं" असं मोठ्यानं म्हणत जिना उतरला, चपला हातात घेऊन मांजरासारखा परत चढला आणि माझ्या घरात शिरला. माझ्या दाराला बाहेर बघायचं भोक आहे, त्यानंच बसवलेलं. आम्ही आळीपाळीनं डोळा लावायला लागलो. थोड्या वेळानं काकू पिशवी घेऊन बाजारात गेली. जाताना तिन्ही कुलपं लावली, तेव्हा नेमका माझा डोळा होता, आणि मला तिच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही.

"आता येईल तो," चावीवाला म्हणाला. हातात त्यानं माझा जुना वस्तरा घेतला होता.

"तो ठेवा खाली. चोर यायच्या आधी तुमचंच काहीतरी कापलं जाईल."

बराच वेळ कुणी आलं नाही. मग जिन्यावर पावलं वाजली, सावकाश. चावीवाल्यानं मला बाजूला सारलं आणि स्वतःचा डोळा लावला. मी त्याच्या खांद्याला विचारलं, "कोण आहे?"

त्यानं डोळा भोकाला आणखी चिकटवला.

"अहो, कोण आहे?"

तो हललाही नाही. शेवटी मी त्याला ढकलून डोळा लावला.

काकू होती. पिशवी खाली ठेवून दाराशी उभी होती. डावा तळवा तिनं दारावर टेकला आणि वरून खाली सरकवत आणला, कडीपर्यंत, कडीवरून कुलपापर्यंत. बोटाच्या टोकानं भोक शोधलं. मग उजव्या हातातली चावी त्या बोटाच्या खालून हळूच वर आणली. चावी घसरली. पुन्हा आणली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा आत गेली. मग मधलं कुलूप. मग खालचं, उलट्या चावीचं. तिथं ती दोनदा चुकली आणि थोडा वेळ नुसतीच कपाळ दाराला टेकून उभी राहिली. रागावली नाही, कुरकुरली नाही. मग उघडलं, पायानं उंबरा चाचपला आणि आत गेली.

चावीवाला माझ्या खुर्चीवर बसला होता. वस्तरा त्यानं मिटून टेबलावर ठेवला होता.

"खालच्या बाजूला का, ते कळलं," तो म्हणाला. "बोट वर असतं. चावी त्याच्या खालून येते."

मी पाणी आणलं. त्यानं घेतलं नाही.

"तिला दिसत नाही, अण्णा. निदान नीट नाही. म्हणून गालिचा. म्हणून तिपाई. खोक्याला अडखळून पडली असेल एखादवेळी, मी नसताना. पिवळे कप. लेकीला माहीत असणार. कदाचित भाजीवाल्यालाही. सगळ्यांना माहीत, फक्त संशय घेणाऱ्याला नाही."

"पण तुम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मी तिला एकटीला जिना उतरू दिला असता का? तिच्यासाठी चौथं कुलूप आणलं असतं मी. आतल्या बाजूनं न उघडणारं." तो उठला. "तिला मी माहीत आहे."

संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडेच बसून राहिला. मग चपला हातात घेऊन खाली उतरला आणि पाय आपटत, खोकत, टपरीवरून येणारा माणूस येतो तसा वर आला. दार काकूनं उघडलं. "आज एवढा आवाज?" ती म्हणाली. "गुडघे," तो म्हणाला.

त्यानंतर बरेच दिवस तो मासिकाबद्दल बोलला नाही. टपरीवर मात्र गिऱ्हाइकांना उद्या या, परवा या म्हणत काहीतरी घासत बसलेला असे. मग एका दुपारी, काकू बाजारात गेलेली असताना, जिन्यावर ठोकाठोकी ऐकू आली. दार उघडून पाहतो तर हा हत्यारं पसरून बसलेला. वरचं आणि खालचं कुलूप काढून जमिनीवर ठेवलं होतं. त्यांच्या जागी लाकडाचे तुकडे ठोकून, घासून, दाराच्या रंगाचे केले होते. राहिलं होतं ते एकटं मधलं. त्याच्या भोकाभोवती त्यानं तळहाताएवढी पितळेची पट्टी बसवली होती, नरसाळ्यासारखी आत उतरत जाणारी. चावी कुठंही टेकवली तरी घसरत भोकातच जावी अशी.

"आणि चोर आला तर?" मी विचारलं.

"येऊ दे. न्यायला आहे काय घरात? सगळं तर मासिकानं नेलं."

हत्यारं गोळा करून तो आत गेला आणि दार ओढून घेतलं. मी माझ्या उंबऱ्यावर नखं कापायचं निमित्त करून बसलो. काकू आली. पिशवी ठेवली. तळवा दारावर टेकला, खाली आणला आणि वरच्या कुलपाच्या जागी थांबली. नुसतं लाकूड होतं. हात आणखी खाली आला. बोट पितळेवर पडलं आणि तिथंच गोल गोल फिरत राहिलं.

"भावोजी," ती मागं न बघता म्हणाली. मी असणार हे तिला माहीत होतं. "दाराला हे काय झालंय?"

"चावीवाल्यांनी केलंय. मासिकात दिलंय म्हणाले."

बोट फिरतच होतं.

"या महिन्याचा अंक," ती म्हणाली, "अजून आलेला नाही."

एरवी माझ्याकडे अशा वेळी दहा गोष्टी तयार असतात. पोस्टमन आजारी आहे, अंक वाटेत भिजला, अंक चोरानं वाचायला नेला. त्या दिवशी एकही सुचली नाही. मी नखं कापत राहिलो.

तिनं चावी पितळेवर टेकवली, कुठंतरी, न बघता. ती घसरत गेली आणि आत बसली. ओरखडा उठला नाही. आतून तो म्हणाला, "आलीस?"

"आले," ती म्हणाली.

दार लागलं. सवयीनं मी तीन आवाजांची वाट बघत उभा राहिलो. एकच झाला.