पलंगाखालची पोती

सकाळी सहाला नळाला पाणी आलं, तशी पेंटरच्या बायकोने पहिली बादली मोरीत ओतून दिली आणि दुसरी लावली. पहिल्या बादलीला घाण वास येतो, दुसरीला जरा कमी, आणि तिसरीपर्यंत नाकाला सवय होते, हा तिचा तीन महिन्यांचा अनुभव. पाइप गल्लीच्या तोंडाशी गटाराला चिकटून गेलेला आणि नेमका तिथेच फुटलेला होता. गल्लीने अर्जावर अर्ज केले. पण गल्लीने मतं दिली होती एका पक्षाला आणि निवडून आला होता दुसरा, पुलापलीकडचा. ‘‘मत देताना पाइप आठवला नाही का?’’ असं कचेरीतल्या कारकुनाने तोंडावर ऐकवलं. पाइप फुटलेलाच राहिला.

‘‘आई, यावर काय लिहिलंय बघ!’’ पलंगाखालून आवाज आला. सात वर्षांची लेक पालथी पडून पोत्यातल्या बाटलीवरची अक्षरं लावत होती. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिची टकळी चालू असायची, म्हणून बापाने तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं होतं. ‘‘पाणी शुद्ध करण्याचे थेंब. एक लिटरला एक थेंब. अर्धा तास झाकून ठेवा. आपण घालूया का गं?’’

‘‘रेडिओ, बाहेर ये आधी,’’ पेंटर ब्रश धुता धुता म्हणाला. ‘‘त्यांचं लिहिलेलं वाचायचं नाही.’’

‘‘मग वाचायला शिकवलंत कशाला?’’

पेंटरला हसू आवरेना. पोरीने बापाची जीभ उचलली होती, याचं त्याला मनातून कौतुकच वाटलं.

त्या बाटल्या पुलापलीकडच्या दवाखान्याच्या सिस्टरने आठवड्यापूर्वी घरोघर वाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर पलीकडच्या पुढाऱ्याचा हात जोडलेला हसरा फोटो होता. औषधावर स्वतःचं तोंड चिकटवायची हौस कुणाला असते आणि का असते, हे वाचकांना मी सांगायला नको. झालं! गल्लीचे पुढारी दादा यांनी त्याच संध्याकाळी सभा घेतली. हे थेंब पोटात गेले की आपल्या बायकांना मुलं होणार नाहीत, आपली संख्या घटवायचा हा डाव आहे, असं त्यांनी ठासून सांगितलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं एकानेही विचारलं नाही. घरोघरच्या बाटल्या परत गोळा झाल्या. शनिवारी मोर्चाने जाऊन त्या कचेरीच्या दारात ओतायच्या, असं ठरलं. तोवर ठेवायच्या कुठे? दादांचा सर्वांत विश्वासू माणूस पेंटर. त्याच्या पलंगाखाली सहा पोती सरकवली गेली.

गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर पेंटरनेच रंगवलं होतं, ‘त्यांचे थेंब आम्हाला नकोत’. त्याच्यासारखं अक्षर गावात कुणाचं नव्हतं.

त्याच्या बायकोने लग्नाआधी एका दवाखान्यात झाडलोट केली होती. असलेच थेंब तिथल्या पिण्याच्या टाकीत पडताना तिने रोज पाहिले होते. तिला सगळं ठाऊक होतं. पण घरात वाद नको, म्हणून ती त्या पोत्यांभोवतीने केर काढत राहिली. आपल्याकडे किती घरं या ‘वाद नको’वर उभी आहेत, देव जाणे.

गुरुवारी सकाळी रेडिओला दोन उलट्या झाल्या. मग जुलाब सुरू झाले, तांदळाच्या धुवणासारखे पांढरट. आईने मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ते उलटून पडलं. अकरा वाजेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले.

‘‘अहो, हिला पलीकडच्या दवाखान्यात नेऊया. दहा मिनिटांवर तर आहे.’’

‘‘त्यांच्या दवाखान्यात?’’ पेंटर दचकला. ‘‘परवा मोर्चा काढायचा आणि आज त्यांच्याच दारात उभं राहायचं? लोक तोंडात शेण घालतील. आपले डॉक्टर पाचला येतात. तोवर पाजत राहा.’’

‘‘पाचपर्यंत ही राहते का बघा!’’

‘‘अगं, अभद्र बोलू नकोस. पोरांना होतंच असं.’’

बाराच्या सुमारास सिस्टर आपणहून आली होती. गल्लीत कुणीतरी आजारी आहे, अशी कुणकुण तिला लागली होती. पण नाक्यावरच्या चार जणांनी तिला आत सोडलं नाही. ‘‘तुमच्या पायगुणानेच आजार येतात,’’ असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. ती तिथूनच ओरडली, ‘‘अहो, पोराबाळांना तरी घेऊन या!’’ त्यावर ते हसले.

दोन वाजता रेडिओने विचारलं, ‘‘बाबा, आता ते थेंब घातले तर मी बरी होईन?’’

पेंटरने तिच्या कपाळावरून हात फिरवला. त्यानंतर ती बोलली नाही. घरात पहिल्यांदाच इतकी शांतता झाली आणि तिच्या आईला ती सोसवेना. तिने पोरीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी धावत सुटली. नाक्यावरच्या चौघांना ढकलून तिने पूल ओलांडला. मागून पेंटरही धावला.

सिस्टरने पोरीला लगेच टेबलावर घेतलं. एका हाताला शीर मिळेना, दुसऱ्या हाताला मिळेना. घोट्याला मिळाली, सलाईन सुरू झालं. सिस्टर पोरीच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होती. ‘‘ये गं, ये बाळा,’’ म्हणत ती रडत होती. पावणेचारला ती थांबली.

‘‘सकाळी आणायला हवी होती हो,’’ ती एवढंच म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी दादा भेटायला आले. पेंटरला मिठी मारून खरोखर रडले. मग डोळे पुसून म्हणाले, ‘‘पेंटर, पोर वाया जाता कामा नये. त्यांच्या थेंबांनीच गेली ती! उद्या मोर्चाच्या पुढे तिचं नाव पाहिजे. भिंतीवर मोठं लिही. तुझ्यासारखं कुणाला जमणार आहे?’’

‘‘तिने थेंब घेतलेच नाहीत,’’ बायको आतून म्हणाली.

‘‘वहिनी, लोकांना ते कुठे माहीत आहे?’’

पेंटर उठला. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेला. दादा समाधानाने मागोमाग गेले, लोक जमले. त्याने जुनी ओळ पांढरी केली, ती वाळेपर्यंत खाली मान घालून बसून राहिला. मग त्याच सुंदर अक्षरात लिहिलं:

‘माझ्या मुलीला थेंब मिळाले नाहीत. ते माझ्या पलंगाखाली होते.’

‘‘डोकं फिरलं काय तुझं?’’ दादा किंचाळले. ‘‘पक्षाशी बेइमानी?’’

‘‘दादा, मी पोरीशी केली. आता कुणाशीही झाली तरी चालेल.’’

त्या रात्री भिंत कुणीतरी पुसली. सकाळी त्याने पुन्हा लिहिलं. मोर्चासाठी पोती न्यायला आलेल्यांना त्याने दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी पलीकडचा पुढारी फोटोवाला घेऊन आला आणि भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, ‘‘वा पेंटर, आमचंच म्हणणं सिद्ध केलंत!’’ पेंटरच्या बायकोने एक बाटली त्याच्या हातात ठेवली. ‘‘यावर तुमचं तोंड नसतं ना साहेब, तर ही पोत्यात गेली नसती. पाइप जोडून द्या, मग फोटो काढा.’’ त्याने बाटली फोटोवाल्याकडे दिली आणि निघून गेला. पाइप अजून फुटलेलाच आहे.

पेंटरची बायको पोत्यांतल्या बाटल्या दारोदार देत फिरते. निम्मी दारं उघडत नाहीत. काही जणी ‘‘तुझ्यामुळे गल्लीचं नाव गेलं’’ म्हणतात. परवा इस्त्रीवाली मागच्या दाराने आली, इकडेतिकडे बघत. तिच्या धाकट्याला जुलाब होत होते.

‘‘ताई, एक बाटली दे. वरचा फोटो तेवढा खरवडून टाकू का? सासरे ठेवू देणार नाहीत.’’

‘‘खरवड. थेंब मात्र घाल. आणि त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. मी येते बरोबर.’’

आता सकाळी सहाला पाणी येतं. पेंटर स्वतः बादली भरतो, थेंब मोजून घालतो आणि वर ताट झाकतो. मग नवराबायको त्या बादलीजवळ बसतात. अर्धा तास थांबायचं असतं. तेवढ्या वेळात त्या घरात कुणीच बोलत नाही.