ओले कान

मी एक जुना पाणकुत्रा आहे. मित्रांनो, जुना म्हणजे अकरा वर्षांचा. आमच्यात या वयाला पेन्शन सोडून बाकी सगळं मिळतं.

आमची जातच पाण्यातली. बोटांमध्ये बदकासारखा पडदा आणि अंगावर दाट, दुहेरी केस. मासेमारीच्या नावेवर मी आठ वर्षं नोकरी केली. जाळ्याचा दोर सुटला की मालक शिट्टी मारायचे, मी उडी टाकायचो आणि टोक दातांत धरून आणायचो. "आमचा वाघ आहे, वाघ!" मालक धक्क्यावर सांगत सुटायचे. वाघाला कोणी दोर आणायला पाठवत नाही, हे मी मनातच ठेवलं.

घरी आल्यावर मालक जाळी वाळत घालायचे, बूट शेगडीपाशी उलटे ठेवायचे. माझे लोंबते कान तसेच ओले. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "अहो, त्याला जरा पुसा तरी."

"पाण्यातल्या कुत्र्याला काय पुसायचं? उद्या माशांनाही टॉवेल देशील!"

सगळे हसले. मीही शेपूट हलवली. तिथेच चुकलं.

पुढे कान ठणकू लागले. मी डोकं झटकायचो, कान जमिनीवर घासायचो. शिट्टी दिवसेंदिवस बारीक होत गेली आणि एका सकाळी आलीच नाही. दोर गेला, दोरामागोमाग जाळं गेलं.

"माजलाय हा!" मालक ओरडले, म्हणून तेवढं ऐकू आलं. "ऐकून न ऐकल्यासारखं करतो! रविवारी लाकडाच्या वखारीत देऊन टाकतो. बसू दे साखळीला!"

वखारीत पाणी म्हणजे फक्त प्यायच्या भांड्यातलं. मी टेबलाखाली जाऊन पडलो.

शनिवारी मालकांच्या आत्या आल्या. त्यांच्या कानात यंत्र आहे, तरी त्या सवयीनं मोठ्यानंच बोलतात. माझ्याकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "हा मान वाकडी करून तोंडाकडे बघतो, बघ. मीही अशीच बघायचे. तेव्हा तूच ना रे म्हणायचास, आत्या हट्टी झाली?"

"आत्या, तो कुत्रा आहे," मालकही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले.

"मग त्याला तरी वेळेवर डॉक्टरकडे ने. मला न्यायला दोन वर्षं लावलीस."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी माझे कान उलटून पाहिले. "पोहून आल्यावर हे कोरडे कोण करतं?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. मालक स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. बूट कोरडे ठणठणीत होते.

उजवा कान वाचला. डावा गेला. वखारीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता मी काम करत नाही, संध्याकाळी नुसता पोहतो. मालक स्वतःच्या टॉवेलनं माझे कान टिपतात आणि डाव्या कानाशी काहीतरी पुटपुटतात. बहुधा माफी असावी. उजवा कान पुढे केला की ते गप्प होतात. म्हणून मी डावाच पुढे करतो.

मित्रांनो, कुत्रा पाळलात तर त्याचे कान वेळेवर पुसा. मग जे बोलायचं असेल, ते त्याला ऐकू तरी येईल.