एकनाथरावांच्या टोपीखालून

मी लेन्स बोलतेय. जामबागेतल्या एका फोटो स्टुडिओत, मोठ्या लाकडी कॅमेऱ्याच्या नाकावर बसलेली. पितळी, वजनदार आणि काचेत बुरशी धरल्यामुळे हल्ली जराशी आंधळी. मूळची मी जर्मनीची, असं आपलं मी धरून चालते. कपाळावरची अक्षरं पुसली गेलीत, त्यामुळे कोणी खोटं पाडायलाही येत नाही.

सिकंदराबादचा एक साहेब मायदेशी जाताना मला विकून गेला. एकनाथरावांच्या वडिलांनी मला घेतलं, पुढे मी एकनाथरावांची झाले. नवी जोडपी, मॅट्रिक झालेली मुलं, सगळी माझ्यासमोर श्वास रोखून बसली. मला मात्र सगळं उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. त्यामुळे कुणाचा रुबाब मला कधी कळलाच नाही.

माझ्या पोटात शटर आहे. उघडायचं आणि ठरल्या वेळी मिटायचं, एवढंच त्याचं काम. पण इथल्या उन्हाळ्यांनी आतलं तेल आटवलं. माझ्या कड्यावर सेकंदाचे बारीक बारीक भाग कोरलेत. कोरायला काय जातं! कधीकधी मी मिटतच नाही. मग एकनाथराव डोक्यावरची काळी टोपी काढून माझ्या तोंडावर धरत. गिऱ्हाइकाला वाटे, हीच पद्धत असेल.

पुढे म्हणे सगळा बाजार खुला झाला. गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या आणि आमच्यासमोर चटकन रंगीत फोटो देणारं काचेचं दुकान आलं. मला कोपरा मिळाला. मनाला लावून घ्यायचं नाही, असं मी रोज ठरवायची आणि रोज लावून घ्यायची.

अशात एका दुपारी तारनाक्याहून वंदना आली. कडेवर आदित्य, अजून वर्षाचाही नाही, डोक्यावर दाट कुरळं जावळ. तिचा नवरा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला तेव्हा हा पोटात होता. उद्या सकाळी जावळ काढायचं होतं. त्याआधीचा एक फोटो बापाला पाठवायलाच हवा होता. समोरच्या दुकानात फ्लॅश उडताच पोरानं भोकाड पसरलं होतं.

"तुमच्याकडे फ्लॅश नाही ना, काका?"

"नाही माय. खिडकीचा उजेड आहे ना. पोट्ट्याला मांडीवर घेऊन बस."

"मी नको हो फोटोत! माझा अवतार बघा. फोनवर दर रविवारी यांना सांगते, मी अगदी मजेत आहे म्हणून."

मग एकनाथरावांनी जुनी युक्ती केली. तिला डोक्यापासून पांढऱ्या चादरीत झाकलं आणि आदित्यला तिच्या मांडीवर बसवलं. फोटोत नुसती खुर्ची वाटावी. तो कुरकुरायला लागला तशी त्याच्या हातात स्वतःची टोपी दिली.

आज तरी वेळेवर मीट गं बाई, मी स्वतःला बजावलं. एकनाथरावांनी कळ दाबली. मी उघडले आणि उघडीच राहिले.

एकनाथरावांचा हात सवयीनं डोक्याकडे गेला. टोपी कुठली? तिथं चकचकीत टक्कल होतं. आदित्यनं ते पाहिलं आणि पापणीही न हलवता बघत राहिला. असलं काही त्यानं जन्मात पाहिलं नसावं.

"मीट की, मीट!" एकनाथराव माझ्यावर खेकसले.

"काय झालं हो? त्याला काही झालं का?" म्हणत वंदनानं चादरीच्या कडेनं तोंड बाहेर काढलं.

शेवटी एकनाथरावांनी माझ्यावर तळहात दाबला. टोपी परत घेताच आदित्यनं असं रडून घेतलं की दुसरा फोटो जमलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती फोटो न्यायला आली तेव्हा कडेवर गुळगुळीत डोकं होतं. फोटोत जावळाचा केस न् केस आला होता. पण मागे चादरीतून एक धूसर चेहरा डोकावत होता. विस्कटलेला, डोळ्यांखाली काळं, घाबरलेला. गालातून मागची भिंत दिसत होती.

"भूत दिसतेय मी," वंदना म्हणाली. "हा कसा पाठवू?"

"माफ कर माय. ही म्हातारी दगाबाज निघाली."

मी जर्मनीचं नावही काढलं नाही.

दुसरा फोटो नव्हता, केसही उरले नव्हते. तिनं तोच पाठवला.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. "यांचा फोन आला होता, काका. जावळ छान आहे म्हणाले. मग म्हणाले, 'मागे तू आहेस ना? कधीपासून झोपली नाहीस?'" ती ओढणीचं टोक पिळत होती. "मजेत आहे म्हणायला गेले, पण फोटो त्यांच्या हातात! मग सगळं सांगितलं. एकटीला भीती वाटते, तेसुद्धा. दिवाळीत येतायत आम्हाला न्यायला."

"हौ का!" एकनाथराव हसले. "मी तर हिला दुरुस्तीला पाठवायला निघालो होतो."

"एवढ्यात नका पाठवू हो."

ती दुरुस्ती राहिली ती राहिलीच. माझं कौतुक झालं, पण मला काही ते पटत नाही. शटर अडकलं ते अडकलंच. आता एकनाथरावांची टोपी कायम माझ्यावर असते. आत अंधार आणि खोबरेल तेलाचा वास.

जामबागेत आलात तर ती टोपी उचलून बघा. बाळ खुशाल आणा. फक्त त्याच्या आईला आधी सांगून ठेवा, चादर पांघरली तरी माझा काही भरवसा नाही.