आठ दिवसांचं काळं तेल

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. काल ज्या पाण्याने तुम्ही आंघोळ केलीत, त्याच पाण्याने आज करायची. उद्याही त्याच. आठव्या दिवशी त्यात पाय तरी ठेववेल का? शी! माझ्या पोटात तसलंच तेल होतं, आणि त्यात तळलेली भजी माणसं खात होती.

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. लालबागच्या एका चाळीत गंगुबाईंची खाणावळ होती, तिथे मी राबले. गिरणीतले गडी तिथे जेवत. ते गावाहून आपापलं तेल आणत, म्हणून मला सगळी तेलं ठाऊक झाली. करडईचं आणि शेंगदाण्याचं ताजं तेल अंगाला चांगलं. तिळाचं लवकर खवट होत नाही. खोबरेल चवीचं, पण जड. रोज भरपूर खाऊ नये. जवसाचं फार गुणाचं, पण ते चटणीवर कच्चंच घ्यावं, कारण तापवलं की त्याचे गुण जळतात. आणि तेल कोणतंही असो, थोडकंच खावं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मोर्च्याला जाणाऱ्यांना भजी द्यायची, असं चाळीने ठरवलं. प्रत्येक बिऱ्हाडाने वाटीभर तेल दिलं. कोकणातल्यांनी खोबरेल, घाटावरच्यांनी करडई, वऱ्हाडातल्या एका घराने जवस.

"तुमच्या करडईक वास नाय, चव नाय," मालवणचा दत्ताराम म्हणाला.

"आन् तुमचं त्याल डोस्क्याला लावायचं, पोटात न्हाय!" साताऱ्याच्या कुशाबाने सुनावलं.

"भांडू नका रे! महाराष्ट्र एक, तर तेल पण एक," असं म्हणत गंगुबाईंनी सगळ्या वाट्या माझ्यात रिकाम्या केल्या. सगळे हसले. मीही.

तेलं एकत्र आली, त्याने एवढं बिघडलं नाही. बिघडलं ते पुढे. लोकांनी दिलेलं तेल टाकायचं कसं, म्हणून गंगुबाई रोज तेच तापवू लागल्या. तेल कमी पडलं, की त्यातच नवं ओतायचं. माझ्या तळाशी जळक्या बेसनाचा चिखल साचला. वर चिकट फेस येई. वास तर ओल्या, कुजक्या चिंध्यांचा! एका सकाळी त्यात झुरळ तरंगत होतं. गंगुबाईंनी ते झाऱ्याने उचलून फेकलं आणि शेगडी पेटवली. मला स्वतःचीच किळस आली.

रविवार उजाडला, त्या तेलाचा आठवा दिवस. शिवाजी पार्कवर सभा होती. गंगुबाईंची दहा वर्षांची मालन माझ्यात डोकावली आणि नाक धरून मागे सरली.

"आये, कुशाबामामा काल मोर्च्यात ओकले. आज तर लहान पोरं पण येणार."

"लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलंय गं. ओतून टाकलं, तर कोणत्या तोंडाने त्यांच्या दारात उभी राहू?"

"आणि पोरं आजारी पडली तर?"

"तापलं की त्यातलं सगळं मरतं. गप बस."

मित्रांनो, गंगुबाई मनाने वाईट नव्हत्या, पण इथेच त्या चुकत होत्या. तापवल्याने जंतू मरतील, पण खराब झालेलं तेल पुन्हा ताजं होत नाही. उलट प्रत्येक वेळी त्यातली जीवनसत्त्वं घटतात आणि पोटाला नको ते तयार होतं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तेल काळं झालं, फेसाळलं, त्याला खवट वास आला, तर ते कितीही प्रेमाने दिलेलं असो, कुणाच्या ताटात जाऊ देऊ नका. आणि माझ्यासारखीला रोज घासून कोरडी ठेवा.

गंगुबाई पाठ करून बेसन कालवू लागल्या. शेगडी अजून पेटायची होती. मालनने शेगडीतली कालची गार राख ओंजळीत भरली आणि माझ्यात टाकली. मग आणखी एक ओंजळ. राखेने माखलेले हात तिने लपवले नाहीत. आई वळेपर्यंत ती तशीच उभी राहिली.