अक्षताचा डबा

"उतरा! मावशी, आधी खाली उतरा!" अक्षता दारातूनच ओरडली.

सुंदराबाई स्टुलावर उभ्या होत्या. एक हात फळीवर, दुसरा साखरेच्या बरणीवर, आणि छातीत असं धडधडत होतं की बरणी सांभाळावी की स्वतःला, हेच कळेना. अक्षताने धावत येऊन त्यांची कंबर धरली, हळूहळू खाली उतरवून खाटेवर बसवलं. मग तिचं लक्ष खाटेखाली ओळीने मांडलेल्या तीन भांड्यांकडे गेलं. तिन्ही तिचीच होती, घासूनपुसून लख्ख केलेली.

"उद्या अ‍ॅडमिट व्हायचंय, परवा ऑपरेशन. डॉक्टर जिनासुद्धा चढू नका म्हणतात आणि तुम्ही स्टुलावर चढताय? कशासाठी, तर साखर!"

"तुझा डबा द्यायचा होता गं."

"मग द्या ना! घरात भांडी संपलीत माझ्या. काल राकेशने चहाच्या टोपात वरण केलं."

"पण रिकामा कसा देऊ?"

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायची पद्धत नव्हती. बाकीच्या बायका चिमूटभर साखर टाकून मोकळ्या व्हायच्या. सुंदराबाईंचं तसं नव्हतं. शेजारून भाजी आली की डबा लाडू घेऊन परत जायचा, चटणी आली की करंज्या. त्यांच्या घरी काही पाठवायचं म्हणजे शेजारणींनाच संकोच वाटायचा, कारण आपण दिलेल्याच्या दुप्पट आपल्याच अंगावर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, प्रभादेवीच्या एका शाळेत आयाचं काम करून निवृत्त झालेली बाई. पण तिच्यावर कोणाचे उपकार आहेत, असं म्हणायची सोय तिने ठेवली नव्हती.

चार महिन्यांपूर्वी हृदयाची झडप बिघडली आणि हे सगळं गणित कोलमडलं. सुंदराबाईंना शेगडीपुढे उभं राहवेना. अक्षता नवरा राकेशसोबत दोन दारं सोडून राहायची, लॅबमधली नोकरी सांभाळून रोज काही ना काही आणून द्यायची. भांडी येत राहिली, परत जाणं आधी लांबलं, मग थांबलंच. खाटेवर पडल्या पडल्या सुंदराबाईंना खालची ती भांडी आठवायची आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं.

"मावशी, ऐका," अक्षता त्यांच्या शेजारी बसली. "तुम्ही त्यात साखर भरून दिलीत, तर मी वरण कशात ओतू? साखरेत? रिकामा असला तरच मला उद्या त्यात काही घालता येईल ना?"

तिला ड्यूटीवर जायचं होतं. तिने स्वतःच वाकून तिन्ही भांडी उचलली, एकात एक घातली आणि गेली. बरणी फळीवरच राहिली. सुंदराबाईंना खूप लाज वाटली. चाळीत लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

लाजेचं मूळ फार जुनं होतं. लहानपणी त्या नगरकडच्या एका बोर्डिंगात होत्या. तिथे नाताळात प्रत्येक मुलीला एकेक फ्रॉक मिळाला, निळ्या फुलांचा. तो घालून त्या दोन दिवस नुसत्या नाचत होत्या. तिसऱ्या दिवशी हातून पाण्याचा जग फुटला आणि मेट्रनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फुकटचं घालायला मिळतं, म्हणून किंमत नाही." त्या वेळी ती आठ-नऊ वर्षांची पोर होती. तेव्हापासून तिने कोणाचं फुकट घेतलं नाही.

देवाचंही नाही, असं म्हटलं तर चूक होणार नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या रविवारी उपासना संपली, की द्राक्षरसाचे काचेचे बोटाएवढे पेले धुवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. वर्षानुवर्षं एकही पेला दुसऱ्या कोणाच्या हाताला लागू दिला नाही. द्राक्षरसाचा घोट घ्यायचा आणि मग उभं राहून सगळ्यांचे पेले धुवायचे, म्हणजे कसं, बरोबरीचं वाटायचं. आजारपणात धुणं सुटलं, तेव्हा त्यांनी घोट घेणंही सोडलं. पेल्यांचं तबक आलं की मान खाली घालून पुढे जाऊ द्यायच्या.

आणि आता परवा डॉक्टर छाती उघडणार होते. "वय आहे, धोका आहे," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. चाळीतल्या लोकांना वाटे, बाई मरणाला भ्यायली. मरणाला त्या भ्यायल्या होत्याच. पण खरी धास्ती मरणाच्या पलीकडची होती. तिथे उभं केल्यावर विचारतील, काय घेऊन आलीस? आणि आपल्याजवळ चार महिन्यांचं नुसतं पडून राहणं.

दुपारी रविवारची उपासना आटोपून चर्चचे पाळकसाहेब आले. तरुण माणूस, वर्षाभरापूर्वीच या मंडळीत बदलून आलेले. हेल्मेट दाराशी ठेवून त्यांनी सलाम केला आणि पिशवीतून एक लहानशी लाकडी पेटी काढली. आत द्राक्षरसाची बाटली, भाकरीचा तुकडा आणि दोन पेले होते. ते पेले सुंदराबाईंनी दुरूनच ओळखले.

"बाई, तुम्ही चार महिने घेत नाही. मी बघतो. म्हटलं, उद्या जाण्याआधी घरीच देऊ."

"नको, साहेब. परत आले, धुवायला उभी राहिले, की घेईन."

"धुण्याचा काय संबंध?"

पाळकसाहेबांनी घसा खाकरून कृपेविषयी बोलायला सुरुवात केली, तशी सुंदराबाईंनी हात वर केला.

"साहेब, ते मला पाठ आहे. आत्म्याचं तारण विकत मिळत नाही, कमावता येत नाही, देव ते देणगी म्हणून देतो. रविवारच्या शाळेत किती पोरांना मीच शिकवलंय. पोरांना सांगताना खरं वाटायचं."

"मग आता?"

"आता भीती वाटते हो. फुकट दिलेलं उद्या कोणी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, तर?"

पाळकसाहेबांनी पेटी मांडीवर ओढली. प्रवचनात या प्रश्नाची तयारी नसते.

"बाई," ते म्हणाले, "ज्याने दिलं, त्याला त्यासाठी खिळे ठोकून घ्यावे लागले. एवढं सोसून दिलेलं तो बोलून दाखवेल का? आणि परत द्यायचं म्हटलं, तर काय देणार आपण? तुमच्याजवळ नाही, माझ्याजवळही नाही. मी पाळक आहे एवढंच. जायचं आहे मलाही रिकाम्या हातांनीच."

रिकाम्या या शब्दासरशी सुंदराबाईंनी खाटेखाली पाहिलं. तिथली फरशी मोकळी होती. सकाळी डबा गेला होता, रिकामा, आणि अक्षताने तोंड वाकडं केलं नव्हतं. उलट घाईत जाताना दारातून हात हलवला होता.

"द्या," त्या म्हणाल्या.

भाकरीचा तुकडा त्यांनी कसाबसा गिळला. पेला घेताना थेंबभर रस पदरावर सांडला. डोळे मिटून त्या हळूच पुटपुटल्या, "प्रभू, माझ्याजवळ काही नाही. मला तशीच घे." आणि प्यायल्या.

मग सवयीने पेला घेऊन मोरीकडे जायला उठू लागल्या.

"बसा, बाई. असू द्या." पाळकसाहेबांनी पेला त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतला, उष्टाच रुमालात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. सुंदराबाई बसल्या. आपला उष्टा पेला तसाच चाललाय हे पाहून त्यांच्या कानशिलांना आग लागली. बोर्डिंगातल्या त्या दिवसासारखी मान आत ओढून त्या थांबल्या, कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. कोणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, हेल्मेट उचललं आणि मंगळवारी हॉस्पिटलात येतो म्हणून सांगून निघाले. ते गेल्यावर त्या पुष्कळ वेळ रडल्या. भीती होतीच, पण आता ती असतानाही त्या देवापुढे हात जोडून बसू शकत होत्या.

सोमवारी सकाळी चाळीच्या तोंडाशी टॅक्सी उभी राहिली. राकेश पुढे बसला. सुंदराबाई मागे नीट टेकतायत तोवर अक्षता ओढणी सावरत जिना उतरून आली आणि खिडकीतून डबा आत दिला. कालचाच, गरम.

"मुगाची खिचडी आहे, मऊ. आज खायला चालते, मी विचारलंय."

'अगं, कशाला' हे शब्द सुंदराबाईंच्या ओठांवर आलेच होते. ते त्यांनी मागे घेतले आणि दोन्ही हात पुढे करून डबा घेतला.

"परत आले तर आणून देते."

"आले तर काय! आणायचाच आहे. मोजकी भांडी आहेत माझ्याकडे."

"रिकामाच आणीन हं."

अक्षताने मान हलवली आणि ओढणी डोळ्यांना लावली.

टॅक्सी परळच्या दिशेला लागली. सुंदराबाईंचे हात कापत होते आणि मांडीवरच्या डब्याचं झाकण बारीक वाजत होतं. राकेशला ते ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी झाकणावर तळहात ठेवला आणि तो ऊबेत तसाच राहू दिला.