धोटाबाईंच्या कानातली शिट्टी

मागावरच्या धोट्यासारखी दिवसभर इकडून तिकडे पळते, म्हणून कापड गिरणीतल्या बायकांनी तिचं नाव धोटाबाई ठेवलं. नोकरी सुटली तरी नाव काही सुटलं नाही. चौतीस वर्षं खडखडाटात काढलेली ही बाई. तिथं शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून सगळ्याजणी नुसत्या ओठांनी बोलायच्या. साहेबाच्या तोंडावर त्याची टर उडवायची ती चांगली सोय होती.

नवरा गेला आणि दुसऱ्याच महिन्यात धोटाबाईंच्या कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, एकसुरी. आधी वाटलं, कुकर विसरला. मग नळ तपासला, मग शेजारचा पंप. शेजारीण म्हणाली, मला तर काहीच ऐकू येत नाही, आणि पुढच्या वेळी तिनं विषयच बदलला. रविवारच्या फोनवर मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, वय झालं की व्हायचंच. घरात दोघं होते तेव्हा साधं भांडं पडलं तरी आतून "काय गं पडलं?" असा प्रश्न यायचा. आता एवढी शिट्टी वाजत होती आणि "हो, वाजतेय" म्हणायला दुसरं माणूस नव्हतं. शिट्टीपेक्षा त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

शेवटी मुलगा दोन दिवस रजा काढून आला आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कानात मळ आहे का पाहिलं, मानेला स्टेथोस्कोप लावला. काहींना नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येते, ते म्हणाले. ती कधीकधी डॉक्टरलाही ऐकू येते आणि तिचं कारण शोधावं लागतं. कुणाला रातकिडे, कुणाला घोंघावणं, कुणाला शिट्टी. यांचं मागांच्या आवाजानं कान झिजून झालेलं दिसतंय, आणि ही शिट्टी फक्त यांनाच ऐकू येणार. मुलानं त्यातलं "फक्त यांनाच" तेवढं नेमकं उचललं.

मग तपासणी. काचेच्या खोलीत धोटाबाईंना बसवून तपासणाऱ्या मॅडमनी हेडफोन लावला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबा. बाईंनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. आवाज येतच होता, मग सोडायचं कशाला? कामचुकारपणा त्यांनी जन्मात केला नव्हता. पलीकडे मॅडम बुचकळ्यात पडल्या. मुलगा त्यांच्याकडे वाकून काहीतरी बोलला.

काच जाड होती, शब्द एकही आत आला नाही. पण बाईंनी सगळं ओठांवरून वाचलं.

"बाबा गेल्यापासून हिला करमत नाही. मी यावं म्हणून काढलंय हे सगळं."

धोटाबाईंना राग यायला हवा होता, पण आली ती लाज, कारण करमत नाही हे काही खोटं नव्हतं. अंगठा तसाच बटणावर राहिला.

मॅडम आत आल्या. घोळ त्यांच्या लक्षात आला, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी यंत्रावर एकेक सूर वाजवायला घेतला. ही का? याहून बारीक? जरा हळू? बऱ्याच वेळानं एका सुराला बाईंनी हात वर केला. हीच. मॅडमनी मुलाला आत बोलावलं आणि तोच सूर, तेवढ्याच आवाजात, त्याच्या कानांना लावला.

तो आधी सहज उभा होता. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. अर्ध्या मिनिटात त्यानं हेडफोन काढला.

"ही बंद कधी होते?"

"होत नाही," धोटाबाई म्हणाल्या.

"जेवताना? झोपताना?"

"तेव्हाही असते."

तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. "मग तू करतेस काय, आई?"

काचेपलीकडचं आपल्याला समजलं हे धोटाबाईंनी त्याला सांगितलं नाही. इतके दिवस लपवलेलं मात्र सांगून टाकलं.

"कुणी बोलत असलं की ती जरा मागे सरते. मी रविवारची वाट बघते."